थुंकीतले घोडेस्वार

रविवार, संध्याकाळ, जयनगर

मी सांगते, नात मुग्धा लिहिते. मुग्धे, बापाबद्दल आहे म्हणून काही गाळू नकोस.

आज किळस आली मला. शेखरने नळीत थुंकून ती कुठेशी तपासायला पाठवली होती, तिचा निकाल आला. पोटचा मुलगा आहे, पण शी! थुंकी काय मिरवायची? म्हणे, आपले पूर्वज दूरच्या गवताळ मैदानातले, गुरांमागे फिरणारे घोडेस्वार. म्हणून मुग्धाने कानडी मंजुनाथशी लग्न करायचं नाही.

"आई, आपलं रक्त वेगळं आहे."

"अरे घोडेस्वारा, तू स्कूटरवर मागे बसलास तरी डोळे मिटतोस!"

हसला नाही. मग मलाच प्रश्न पडला, त्या भटक्यांनी बायका बरोबर आणल्या होत्या का? विचारलं. म्हणाला, "जास्त करून पुरुषच आले. इथल्या मुलींशी लग्नं केली."

"मग त्या मुलींच्या बापांनी आधी थुंकी तपासली असती, तर तू कुठे असतास?"

उठून आत गेला. शी, थुंकी म्हणे! अजून तोंड कडू आहे माझं. मुग्धे, वही ठेव आणि मंजुनाथच्या आईला फोन लाव. कानडीत मीच बोलते.