नेल्लियडीच्या अलीकडे बंद पडणारी गाडी

करवेट्टी,
६ मे १९९३

चि. सिवपालनास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

टपालाचं जहाज उद्या निघतंय असं कळलं, म्हणून चूल तशीच ठेवून लिहायला बसले. मी बरी आहे. आंबा यंदा अंगण भरून आलाय. तुझ्या वाटणीचे मी आणि खारी मिळून खातोय. आता कामाचं. ह्यांची ऑस्टिन चालू होत नाही.

हसू नकोस. कोलंबोच्या गॅरेजात जन्मभर मोटारींच्या पोटात डोकं घातलेल्या भावाला नाही विचारायचं, तर कोणाला? हे होते तेव्हा गावात कोणाचा पाय मोडो, कोणाला कळा येवोत, ऑस्टिन मंदिकैच्या इस्पितळाला निघायचीच. हे गेल्यावर सेल्वरासा ड्रायव्हर होता. तोही पोंगल झाल्यावर फ्रान्सला गेला. जाताना म्हणाला, अम्मा, लढाईपायी सरकारची बंदी आहे तोवर पेट्रोल विसरा, ही आता रॉकेलवर चालते. फक्त चालू करताना तिला चमचाभर पेट्रोल पाजा. मी पाजलं. हँडल फिरवून खांदा निखळायची वेळ आली, पण बाई साधी खोकतसुद्धा नाहीत. आणि पेट्रोल म्हणजे इथे डोळ्यांत घालायच्या औषधासारखं थेंबाथेंबानं मिळतं.

घाई अशासाठी की शेजारच्या पूरणमची सून तवमणी आडी महिन्यात, जुलैच्या शेवटी, बाळंत व्हायची आहे. तिचा नवरा तुमच्याकडे कोलंबोत अडकून पडलाय. मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या एका पोरीला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं होतं. ती वाचली, बाळ नाही वाचलं. तवमणी रोज संध्याकाळी त्या पोरीच्या घरावरून जाते आणि मग माझ्या ओट्यावर येऊन बसते. परवा मी पूरणमला सांगून टाकलं की तुझी सून मोटारीतून जाईल. चालवणार मी. ह्यांनी मला शाळेच्या मैदानात मोटार शिकवली होती, तू विसरला असशील. मैदानातला खांब विसरलेला नाही.

आमचे रिटायर झालेले पोस्टमास्तर वैतिलिंगम यांचा खोकला अजून तसाच आहे. तशाही खोकल्यात फाटकाशी उभे राहून म्हणाले की मोटारीपेक्षा बैलगाडी परवडली, बैलाला निदान स्वतःची अक्कल असते. ते माझ्याबद्दल बोलले की मोटारीबद्दल, हे मी विचारलं नाही.

लगेच लिही. माया कमी करू नकोस, तिच्यावर अजून बंदी आलेली नाही.

तुझी,
अक्का

—

वेल्लवत्ते, कोलंबो,
२२ मे १९९३

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं तू ऑस्टिन विकायची म्हणतेयस.

अक्का, तुझं वय काय, त्या मोटारीचं वय काय, बेरीज काय होते? ती भंगारात दे आणि इकडे ये. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत मी असतो, दुसरीत उगाच दिवा लावून ठेवतो. मुलगी टोरोंटोहून दर रविवारी फोन करते आणि जेवलात का विचारते. मी हो म्हणतो. तू आलीस तर ते खरं तरी होईल.

येणार नाहीसच. म्हणून नीट वाच. सेल्वरासानं तुला अर्धीच विद्या दिली. गाडी बंद केली की कार्बोरेटरच्या वाटीत रॉकेल राहतं. थंड रॉकेल म्हणजे इंजिनाला पाणीच. वर चमचाभर पेट्रोल टाकून काय होणार, खाली तळं साचलंय. वाटीच्या बुडाशी एक स्क्रू आहे, तो काढून तळं रिकामं कर. मग चारही प्लग काढ. ते रॉकेलनं ओले झाले असतील. चुलीच्या निखाऱ्यावर चांगले तापवून कोरडे कर आणि गरम असतानाच बसव. ठिणगीचे पॉइंट काळे पडले असतील, ते बारीक पॉलिश कागदानं घास. रेतीच्या कागदानं नको, तू हंडा घासतेस तसं तर मुळीच नको. त्यानंतर पेट्रोल पाज. आणि इंजिन बंद करायच्या आधी रॉकेलची नळी चिमटीत धरून ठेव, म्हणजे वाटीतलं सगळं जळून जाईल.

हँडल फिरवताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेव. उलटा झटका बसला तर हात मोडेल, आणि मग मंदिकैला तुला कोण नेणार? बैलाला असते तेवढी अक्कल वापर.

तंबीची, धाकट्या भावाची, चूक-भूल पोटात घालणारी तू आहेसच, म्हणून वेगळं मागत नाही.

तुझा,
तंबी

—

करवेट्टी,
११ जून १९९३

चि. सिवपालनास आशीर्वाद, आणि एकदा तुझ्या तेलकट हातांना मुका.

गाडी चालू झाली!

प्लग मी पिट्टू उकडायच्या चुलीवर तव्यात भाजले. पूरणम बघत होती. म्हणाली, जरा मीठ टाका, निदान चव तरी येईल. वाटीतून निघालेलं रॉकेल गाळून कंदिलात घातलं, वाया काही गेलं नाही. पॉइंट घासायला ह्यांच्या दाढीच्या पेटीत कागद सापडला. पण हँडल काही माझ्यानं फिरेना. गल्लीत पुरुष म्हणजे वैतिलिंगम मास्तर, आणि मास्तर म्हणजे खोकला. मग बायकाच जमल्या. मी आत बसले, दुसरा गिअर टाकून क्लच दाबला, आणि साड्या खोचून पिळ्ळयार गणपतीच्या देवळापासून ढकलत सुटल्या. विहिरीपाशी मी क्लच सोडला. आधी एक ढेकर, मग काळा धूर, मग अशी काही धडधडली की देवळातला पुजारी घंटा टाकून बाहेर आला. मागे बघते तर सगळ्या बायकांची तोंडं काजळीनं काळी झालेली, आणि सगळ्या हसतायत. ह्यांच्या तेराव्यानंतर या गल्लीत एवढं मोठ्यानं कोणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं.

पण एक विघ्न आहे. गाडी मजेत चालते, आणि नेल्लियडीचा नाका येण्याच्या अलीकडे, ताडांच्या रांगेपाशी, हुंदके देऊन बंद पडते. पाव तास उभी ठेवली की चालू होते, थोडी जाते, परत बंद. तीनदा गेले, तिन्ही वेळा तेच. मास्तर म्हणतात तिथे मुनी, वाटेवरचा भुताळी देव, बसलेला आहे, नारळ फोडा. फोडला. गाडीनं नारळाचं काही मनावर घेतलं नाही, आम्ही मात्र खाल्ला.

तवमणीला मी अजून हे सांगितलेलं नाही. ती बाळाची टोपी विणतेय. सांग, काय करू?

रागावलास तरी पत्रातच रागाव, जहाज बुडेल एवढं नको.

अक्का

—

कोलंबो,
२९ जून १९९३

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तव्यात! गॅरेजात वाचून दाखवलं. आमचे मालक गुणपाल मुदलाळी सिंहली असले तरी हसताना कुठल्याच भाषेत थांबत नाहीत. म्हणतात, तुमच्या बहिणीला इथे कामाला ठेवू, तुम्हाला घरी पाठवू.

आता गंभीर. थोडं चालून बंद पडणं आणि थांबल्यावर चालू होणं, याची कारणं दोन. एक, ठिणगी देणारी कॉइल तापते. तिच्यावर ओलं फडकं टाकून बघ. दोन, पंपातला रबरी पडदा, डायफ्राम, फाटलाय. मी म्हणतो डायफ्रामच. माझं म्हणणं चुकल्याचं मला आठवत नाही. नवा डायफ्राम शिक्षक कनगसबै यांच्याबरोबर पाठवतोय. खाडी ओलांडून ते आठवड्यात पोचतील. बसवायचा कसा ते मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलंय. ते फणसासारखं दिसतंय तोच पंप.

आणि अक्का, ऐक. तो बसवून, जाऊन येऊन खात्री होईपर्यंत तवमणीला त्या गाडीत बसवायचं नाही. वाटेत बंद पडली तर सायकलीपेक्षा वाईट. ही थट्टा नाही. तू शब्द दिलास म्हणून घाबरून लिहितोय. शब्द मोडला तर लोक चार दिवस बोलतील. दुसरं काही झालं तर तू जन्मभर स्वतःशी बोलत बसशील. मी तुला ओळखतो.

पत्राची वाट बघतोय असं लिहायची पद्धत आहे. मी खरंच बघतोय.

तंबी

—

करवेट्टी,
१९ जुलै १९९३

चि. सिवपालनास अनेक आशीर्वाद.

कनगसबै मास्तर डायफ्राम घेऊन सुखरूप आले. एक दिवस उशिरा. तवमणी थांबली नाही.

शुक्रवारी दुपारी पूरणम पदर न सावरता धावत आली. कळा लवकर सुरू झाल्या होत्या, आणि सुईणीनं हात लावून मान हलवली होती. मूल आडवं होतं, इस्पितळाशिवाय गत नव्हती. तुझं पत्र आदल्याच दिवशी हाती आलेलं. ते मी फळीवर ठेवलं होतं. त्याच्याकडे बघितलं, आणि दुसरीकडे सायकल उभी होती तिच्याकडे बघितलं. मग प्लग चुलीवर टाकले.

बायकांनी ढकललं. तवमणी मागे पूरणमच्या मांडीवर. कॉइलवर तू सांगितलंस तसं ओलं फडकं. ताडांची रांग आली आणि मी पिळ्ळयारला म्हटलं, आजच्या दिवस नको रे. ताडांच्या पुढे गेली. नाक्यावर पोचली, चहाच्या दुकानासमोर, आणि तिथे हुंदका दिलाच. बंद. पूरणम माझ्या मागे बसून काय काय बोलली ते लिहीत नाही. सुनेच्या काळजीनं बोलली. तवमणी फक्त म्हणाली, मामी, चालत जाऊ का? हँडल हातात घेऊन मी नुसतीच उभी राहिले. तुझं ‘सायकलीपेक्षा वाईट’ आठवत होतं.

दुकानदार बिचारा तवमणीसाठी चहा करायला धावला. कुठून मिळवला कोण जाणे, घट्ट दुधाचा एक डबा त्यानं काढला, सुरीनं भोक पाडलं आणि उलटा धरला. दूध येईना. बोलता बोलता त्यानं समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडलं, आणि धार लागली.

सिवपालन, मी तशीच गाडीच्या मागे पळाले.

तुला एक लिहायचं राहिलं होतं. टाकीचं झाकण वैशाखाच्या सणात कोणीतरी लांबवलं. रॉकेल उडून जाऊ नये म्हणून मी टाकीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी घालून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं अशी आवळली होती, की लोणच्याची बरणीसुद्धा कोणी तशी बांधणार नाही. बघते तर पिशवी म्हातारीच्या गालासारखी आत ओढली गेलेली, हवेला आत शिरायला वाटच नव्हती. सुई खुपसली. टाकीनं असा लांब श्वास घेतला, की मीही घेतला.

परतीपुरतं चमचाभर ठेवून उरलेलं पेट्रोल पाजलं. हँडल दुकानदारानं फिरवलं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव असं मी ओरडत होते. चालू झाली, आणि मंदिकैच्या दारापर्यंत एकदाही कुरकुरली नाही. डॉक्टरांनी पोट कापून मूल काढलं. मुलगी आहे. दोघी धडधाकट. पूरणमनं मला मिठी मारली आणि मागचं सगळं बोलणं परत घेतलं, थोडं सोडून.

परत निघताना इस्पितळाच्या शिपायांनी ढकलून दिली, गाडीत मी एकटी होते. ह्यांच्या जागेवर बसून, ह्यांच्यासारखंच कोपर खिडकीबाहेर काढून आले. घरी आल्यावर इंजिन बंद करवेना. रॉकेलची नळी चिमटीत धरून उभी राहिले, आणि ते थांबल्यावर मग रडले. काजळीनं तोंड असं झालं की मांजर घाबरलं.

आता तुझ्या दोन खोल्यांबद्दल. मी येणार नाही. येऊ शकत नाही, बुधवारी वैतिलिंगम मास्तरांना छातीच्या डॉक्टरकडे न्यायचंय. त्यांनी स्वतः येऊन विचारलं, बैलाचा विषय काढला नाही. पण रिकाम्या खोलीत दिवा लावायचा, तर तो इथे लाव ना. रविवारी तुझी मुलगी विचारेल जेवलास का. इथे मी विचारीन, रोज, आणि खोटं बोललास तर ताट बघून ओळखीन.

वाट बघते. अक्षराची नाही, माणसाची.

अक्का

—

कोलंबो,
९ ऑगस्ट १९९३

ती. अक्कास सा. न. वि. वि.

टाकीचं झाकण! मास्तरांचा खोकला लिहिलास, खारी लिहिल्यास, पुजाऱ्याची घंटा लिहिलीस. आणि टाकीचं झाकण चोरीला गेलं हे लिहायचं राहिलं! मी इथे डायफ्रामच्या शपथा घेतोय, आणि तिकडे तू गाडीचा गळा बांधून तिला विचारतेयस की तुला धाप का लागते. गुणपाल मुदलाळींना सांगितलं. ते हसून हसून बाकावर बसले. मग म्हणाले, बाळ ठीक आहे ना? मी हो म्हटलं. तवमणीच्या नवऱ्याला शोधून काढलं, तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. पत्र दुधाच्या डब्यापाशी आल्यावर तो रस्त्यातच खाली बसला.

तुझ्या शेवटच्या परिच्छेदाचं उत्तर दोन आठवडे देता आलं नाही. रोज कागद घेतला, रोज गॅरेजात काम निघालं. काल रविवारी मुलीचा फोन आला. जेवलात का म्हणाली. मी म्हटलं, नाही. मग आम्ही खूप वेळ बोललो. एवढं आम्ही ती गेल्यापासून बोललो नव्हतो.

आज सकाळी प्रवासाच्या परवानगीचा अर्ज दिला. मुदलाळी म्हणतात, हत्यारांची पेटी घेऊन जा, ती तुमचीच आहे. किती दिवसांसाठी, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

जहाज लागेल तेव्हा धक्क्यावर ये. मी तुझ्या शेजारच्या सीटवर बसेन, आणि तू गिअर कसाही टाकलास तरी तोंड उघडणार नाही. दिलेला शब्द पाळणं मला तुझ्याइतकं जमत नाही, म्हणून आजपासूनच सराव सुरू केलाय. सकाळपासून गप्प आहे. गॅरेजातली माणसं विचारतायत, तब्येत बरी आहे ना?

येतोच आहे.

तुझा,
तंबी