चार जबड्यांचा चक

॥ श्री ॥

मु. पावस
ता. ९ डिसेंबर १९३४

चिरंजीव रघूस,

दादाचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहे, असे पत्रात आधी लिहायचे असते म्हणून लिहितो. तुझा पत्ता केरूने दिला. दीड वर्षात तुला हे पहिलेच पत्र.

भात झोडून झाले. विहिरीजवळच्या कलमाला मोहोर आला आहे. गाय व्याली, पाडी झाली. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात, पण पाणी तीच आणते, मला आणू देत नाही.

पत्राचे कारण वेगळे आहे. सदूने पाठवलेला लहान लेथ मी परवा उघडला. गोणपाटात होता तसाच पडवीत पडून होता. आत गंज फार नाही. रॉकेलने पुसला, तेल घातले, पायाने चालवून पाहिला. चाक हलके फिरते. फक्त चक नाही. पोराने तेव्हा लिहिले होते, "आप्पा, देवाची भांडी कानशीने किती घासाल? हौस आहे तर यंत्रावर करा. भांडं घट्ट धरायचा चक मागाहून पाठवतो, नीट बघून." ते राहिले.

तर चक कोणता घ्यावा, हे तुला विचारायचे आहे. रत्नागिरीस भातगिरणीत हरिहर मिस्त्री आहे, त्याच्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, "तीन जबड्यांचा घ्या, आप्पा. किल्ली एकदा फिरवली की तिघे बरोबर मध्यावर येतात. चार जबड्यांचा म्हणजे चार भावांचं घर. एकेकाकडे जाऊन सांगावं लागतं, सरक बाबा."

मी म्हटले, "माझ्याकडे येणारी निरांजनं कासाराची ओतीव. कुठलंही धड गोल नसतं."

"मग तुम्हाला चारचाच लागेल. वाकडं असेल तेही धरतो तो. पण तुमचा अर्धा दिवस जबडे लावण्यात जाईल."

माझ्याकडे दिवस पुष्कळ आहेत. मग तो किल्ली दाखवू लागला, कशी घालायची, कशी फिरवायची. मी त्याला विचारले, किल्ली न लागणारा मिळत नाही का? तो हसला. मी छत्री घेऊन निघालो. भाट्याची होडी निम्मी खाडी ओलांडून गेली तेव्हा ध्यानात आले की त्याला येतो म्हणूनही म्हटले नाही.

लेथ पायाचा आहे, म्हणून चक जड नको. मध्यापासून खालच्या लोखंडी पाटापर्यंत तीन इंच भरतात, तेव्हा चार इंची बसावा. चक ज्या दांड्यावर चढतो त्याचे आटे मला मोजता येईनात. त्यांना काजळी लावून वर कागद दाबला. तो ठसा सोबत ठेवला आहे, दुकानात ताडून बघ.

एवढे लिहून मी कालच पत्र बंद केले होते. आज पूजा झाल्यावर पुन्हा उघडले.

रघू, किल्लीचे मला ठाऊक आहे.

शिमग्याला केरू आला होता. खळ्यात बसला, चहा घेतला, पण वर बघेना. तुमच्याच कारखान्यातला माणूस, म्हणून मी त्याला स्पष्ट विचारले. म्हणाला, "काशीदा, नको इचारू." मी सोडले नाही. मग म्हणाला, "रघ्याची पाळी संपली. किल्ली चकातच ठेवून गेला. सदू आला, त्यानं बघितलं न्हाय, पट्टा चढवून यंत्र सुरू केलं. ती उडाली ती कपाळावरच."

मी विचारले, "विसरला?"

"इसरला न्हाय. खिळ्याला लावायची असा तिथला नियम. पन रघ्या सदूसाठी रोजच आत ठेवायचा, त्याला सोधाया लागू नये म्हणून. सदू आधी काढून घ्यायचा. त्या दिवशी न्हाय काढली."

केरू गेल्यावर मी पडवीत बसून राहिलो. कोयती खांबात रोवून ठेवायची, पुढच्याच्या हाताला लागेल अशी. पोहरा दोरीला बांधलेलाच ठेवायचा. वस्तू वापरली की दुसऱ्याला शोधावी लागू नये. ही या घराची रीत, आणि ती तुला मी लावली. आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. एकदा कोयती पेंढ्यात टाकून खेळायला गेलास म्हणून मी तुझ्या पाठीत मारले. तू रडला नाहीस, पण पुन्हा कधी वस्तू भलतीकडे टाकली नाहीस. मला त्याचा अभिमान वाटायचा.

कारखान्याची रीत वेगळी असते, हे मी कसे सांगणार? मी यंत्र पाहिले नव्हते.

सदू गेल्याची तार आली, त्या पावसात बोटी बंद होत्या. घाटाने येईपर्यंत चौथा दिवस उजाडला. तू खोलीवर नव्हतास. सोबत्यांनी अस्थी माझ्या हातात दिल्या. मी दोन दिवस थांबलो, तू आला नाहीस. तेव्हा मला राग आला होता. आता नाही, असे लिहिले तर ते पुरते खरे होणार नाही. पोथीला बसलो की कधी तुझा राग येतो, कधी माझा. देवाला मी काही विचारलेले नाही.

तुझ्या वहिनीला, तुळसाला, हे सांगायला मला भाद्रपद उजाडला. ती नारळ सोलत होती. म्हणाली, "मला शिमग्यातच कळलं. केरूची बायको पाणंदीत बोलली." मग विचारले, "भावजी जेवतात कुठे?" तिने तुला क्षमा केली, असे मी लिहीत नाही. तिने विचारले ते लिहिले.

केरू म्हणतो, तू लेथ सोडलास, गोदीत गोणी वाहतोस. तुझा हात मला माहीत आहे, तो गोणी उचलायला नव्हे. चक तूच निवड. पार्सलने पाठवू नकोस. पाठवलास तर मी सोडवून घेणार नाही. स्वतः घेऊन ये, आणि माझ्यासमोर बसव. किल्ली कुठे ठेवायची ते या वेळी तू मला शिकव.

येत्या शनिवारपासून दर शनिवारी मी बंदरावर येईन, बोटीची माणसे आणणारा पडाव किनाऱ्याला लागून शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबेन. आला नाहीस तर घरी जाऊन तुझ्या वहिनीला तसेच सांगावे लागेल. ती वाढलेले पान उचलून ठेवील, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा वाढील.

सदूचा बाप आणि तुझा दादा,
काशीराम