मऊ म्हणजे कच्ची नव्हेत

अहो,

तुम्ही शिफ्टवरून याल तेव्हा मी संत तुकाराम नगरला असेन. तनुजाताईंच्या सासऱ्यांची आज पंचाहत्तरी. त्यांचे दात काढलेत म्हणून ओट्सची मऊ बिस्किटं सांगितली होती. माझी पहिली ऑर्डर. ती बिघडली हे फोनवर सांगायला तोंड नव्हतं, म्हणून स्वतःच चालले आहे.

सकाळी मी खोके आणायला खाली गेले, तेवढ्यात आईंनी बिस्किटांना बोट लावून बघितलं. मऊ लागली, म्हणजे कच्चीच राहिली असं समजून सगळी परत ओव्हनमध्ये घातली. आता दगड झालीत. आईंचा मला राग नाही. त्यांनी जन्मभर बेकरीत बसून नानकटाई खरपूस भाजून घेतली, त्यांना मऊ बिस्किट काय माहीत!

पण तुम्हाला माहीत होतं. ओव्हनमधून मऊच काढायची, गार झाली की आकार धरतात, हे परवाच सांगितलं होतं. तेव्हा चार खाल्लीत. आणि आज आई बटण फिरवत होत्या, तेव्हा तुम्ही ओट्याला टेकून चहा पीत होतात, हे आईंच्याच बोलण्यातून कळलं. कंपनीची बस येईपर्यंत एक शब्द नाही काढलात.

भाजी झाकून ठेवलीये, भाकरी टोपलीत आहे.

आई खुशीत आहेत. त्यांना वाटतंय, त्यांनी सुनेची ऑर्डर वाचवली. खरं काय ते मी सांगितलेलं नाही. मी यायच्या आत तुम्ही सांगा.

स्वरूपा