काजलला का नाही सांगितलंत?

प्रिय मंदाताई,

काल नेरूळच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. मलाही बोलायला बोलावलं होतं. मी उठले, माइक हातात घेतला आणि तशीच परत येऊन बसले. खोटं बोलवेना आणि खरं बोलायची ती जागा नव्हती. म्हणून हे लिहितेय. रागाने लिहितेय, आधीच सांगते.

काय कौतुक चाललं होतं तुमचं! "एवढा मोठा आजार, पण शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. काय धीराची बाई!" आमच्यासारखे मूल दत्तक घेतलेले, तुम्ही सल्ला देऊन सांभाळलेले सगळे आईबाप माना डोलवत होते, डोळे पुसत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. धीर? कसला धीर हो, ताई?

काजल खांदेश्वरला आमच्या घरी आली तेव्हा पाच वर्षांची होती. एकदा ती दुपारची झोपलीये बघून मी खाली कोथिंबीर आणायला गेले. वर येते तर ताटंवाट्या फेकलेल्या, टीव्ही फुटलेला, आणि अख्खी सोसायटी दारात. मी रडत तुम्हाला फोन केला, "मला नाही जमणार. घेऊन जा हिला." तुम्ही घरच्या गाऊनवर ओढणी टाकून करावेहून तशाच निघून आलात.

"अगं बाय, ती द्वाड नाय, घाबरलेली हाय," म्हणालात. तिच्या पहिल्या आईने तिला स्टेशनवर बसवलं, बिस्किटं आणते म्हणाली, आणि गेली ती गेलीच. "या पोरांशी येक नियम पाळायचा. उठून जायचं तर सांगून जायचं. कुठं चाललो, कदी येनार, खरं खरं. येनार नसलो तर ते पन."

आम्ही पाळला. किती पाळला! कचरा टाकायला जातानाही सांगायचं. सासूबाई टोमणे मारायच्या, "आंघोळीला जाऊ का, तेही विचार तिला." पण हळूहळू काजल मला बाजारात एकटं जाऊ द्यायला लागली. तीन वर्षं गेली त्यात. दर शनिवारी तुम्ही यायचात, तिच्याशी पत्ते खेळायचात आणि पुढच्या शनिवारची वेळ ठरवूनच निघायचात.

आणि मग तुमचा तो फोन. "भावाकडं अलिबागला चाललेय. थोड्या दिवसांनी येईन. काजलला सांग." मी सांगितलं. माझ्या तोंडाने सांगितलं! तेव्हा तुम्ही हॉस्पिटलात होतात. नंतरही फोन केला की तेच, "बरी हाय गं, येतेच." माझ्याकडून माझ्याच लेकीला खोटं वदवून घेतलंत तुम्ही.

केमोने झालेलं तुमचं टक्कल बघून ती रडली असती, एवढंच ना? मग रडू द्यायचं होतं! रडू द्या, अडवू नका, हे आम्हाला कोण शिकवत होतं?

तुम्ही गेल्यावर घरात सगळे म्हणाले, लहान आहे, विसरेल. सासूबाई म्हणाल्या, देवाघरी गेल्या म्हण. मी ऐकलं नाही. काजलला समोर बसवलं आणि सांगितलं, मंदाताई वारल्या. खूप आजारी होत्या. आता येणार नाहीत.

"मी पत्त्यात चीटिंग केली म्हणून?"

"नाही गं राजा."

"त्यांना माहीत होतं, मरणार ते?"

"हो."

"आणि तुला?"

"मला नव्हतं गं माहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला नाही, ताई. तिला वाटतंय, मीही तुम्हाला सामील होते.

तेव्हापासून माझ्या चपला ती दप्तरात घालून शाळेत नेते. बाथरूमची कडी लावू देत नाही. सगळं पाण्यात गेलं. आणि असं काही झालं की ज्यांना फोन करायचा, त्या तुम्हीच! आता कुणाला करू?

तुमचा तिच्यावर जीव होता, माहितीये मला. म्हणूनच जास्त चीड येते. परका माणूस असा वागला असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

एक वचन देते. तुमचा नियम मी सोडणार नाही. नवीन आईबाप येतील त्यांना तो सांगेन, आणि तुम्ही तो कसा मोडलात तेही सांगेन. मग कुणी काही म्हणो. आणि काजलला रोज सांगेन की ताई चुकल्या, तुझं काही चुकलं नाही.

आज सकाळी वेणी घालताना तिने विचारलं, "आई, तू मरणार असशील तर मला आधी सांगशील?"

"सांगेन."

"शप्पथ?"

"शप्पथ."

तिने रिबीन माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "ताई पण शप्पथच म्हणाल्या होत्या."

तुमच्यावर अजून रागावलेली,
सुनंदा
(काजलची आई)