पाडव्याच्या आत उड्डाण

१६ ऑक्टोबर १९७२. खंडेनवमी.
आज इंजिन विमानावर चढले. साखर कारखान्यावर आलेला जर्मन साहेब आपली मोडकी मोटार इथेच टाकून गेला, तिचे हे इंजिन. पिस्टन नाही. तीन कोपऱ्यांचा रोटर डब्यात गरगर फिरतो. कोपऱ्यांना हवाबंद पट्ट्या, म्हणजे सील. श्रीगोंद्यात असे दुसरे नाही. पुण्यातही नसावे. कारखान्यात मी नुसता टर्नर. घरी डिझायनर आणि पायलट.

यंदा पाऊस नाही, पेरा नाही, म्हणून थोरल्या दादांनी रानातली सपाट पट्टी धावपट्टीला दिली. अट: गुढीपाडव्यापर्यंत उडालो तर पट्टी कायमची माझी. नाहीतर नांगर. मंजूर. विमानाचे नाव पुष्पक. सौ. पुष्पावतीला वाटते तिच्यावरून ठेवले. वाटू दे.

संध्याकाळी पूजा स्वतः केली. हळदकुंकू, झेंडू, नारळ. अक्षता मूठभर, थेट कार्बोरेटरच्या तोंडात, इंजिन हवा ओढते तिथे. हात आखडता घेतला नाही.

१७ ऑक्टोबर. दसरा. सायं. ५.
सुरू! आवाज शिवणयंत्रासारखा. सात मिनिटे. मग खटकन काहीतरी तुटले, धूर, शांतता. दादा सोने द्यायला आले होते. आपट्याचे पान हातावर ठेवून म्हणाले, पाडव्याला अजून लई येळ हाय. टोमणा नोंदवून ठेवला आहे.

१९ ऑक्टोबर.
कानिफनाथने इंजिन खोलले. (विहिरींवरची इंजिने दुरुस्त करतो. असले इंजिन बापजन्मी पाहिलेले नाही.) एका सीलचे तीन तुकडे. डब्याला आतून ओरखडे. कार्बोरेटरमध्ये चार तांदूळ, लाल. म्हणाला, अण्णा, ह्यो कुकवाचा तांदूळ हाय, तुमीच घातलाय. मी समजावले, जर्मन सील मुळात ठिसूळ, आपल्या हवेत टिकत नाहीत. तो म्हणाला, व्हय. ज्या सुरात म्हणाला तो आवडला नाही.
संकल्प: सील स्वतः करणार. देशी बिडाचे. एका महिन्यात.

२० नोव्हेंबर.
महिना झाला. सील नाहीत. कारणे: चांगले बीड मिळत नाही, फोरमन लेथवर डोळा ठेवून असतो, थंडी.

१४ जानेवारी १९७३. संक्रांत.
सील बसवले. रोटर जाम. तसूभर हलेना. सौ. म्हणाली, तिळगूळ घ्या. घेतला. गोड बोललो नाही. सील केसभर जाड झाले आहेत. ही चूक नव्हे, मजबुती.

११ मार्च.
सील घासले. डबा आतून पॉलिश केला. तिसऱ्या खेपेला चालू! चाळीस मिनिटे अखंड! मला रडू आले. कानिफनाथही डोळे पुसत होता, पण म्हणतो धूर गेला. मग त्याने सौ.कडून रव्याची चाळणी मागून घेतली आणि तारेने कार्बोरेटरच्या तोंडावर बांधली. म्हणाला, ऱ्हाऊ द्या, अण्णा. म्हणजे डोक्यात अजून तांदळाचेच खूळ.

३ एप्रिल.
उद्या पाडवा. उद्या उडणार म्हणजे उडणार. साऱ्या गावाला आमंत्रण. शाळेतल्या राधाकृष्ण गुरुजींना सांगितले, माणशी चिमूटभर अक्षता वाटा. इंजिन सुरू होण्याआधी टाकायच्या. कानिफनाथ हात जोडून म्हणाला, अक्षता तेवढ्या नको. नेमक्या म्हणूनच हव्यात! अक्षतांनी इंजिन मोडत नसते, हे चारचौघांत सिद्ध होऊ दे. शिवाय टंचाईत तांदूळ कुठून आणणार? जोंधळे रंगवले आहेत. म्हणजे तांदळाचा प्रश्नच मिटला.

४ एप्रिल. पाडवा. सकाळी ६.३०.
चाळणी काढली. जगात कुठल्या विमानाच्या तोंडाला रव्याची चाळणी असते? सौ.ला परत दिली. म्हणाली, अहो, आजचा दिवस राहू द्या ना. मी नुसता हसलो.

त्याच दिवशी, दुपारी.
चारशे माणूस. पट्टीच्या दोन्ही बाजूंना रांगा, लग्नात उभे राहतात तशा. गुरुजी ओरडले, अक्षता टाका. एकानेही टाकल्या नाहीत. शेवटचे 'सावधान' कानावर पडल्याशिवाय मूठ उघडायची नाही, ही आमच्या लोकांची हाडीमाशी खिळलेली सवय. मी निघालो. वेग आला. शेपूट उचलले. चाके जमिनीपासून सुटली. नक्की सुटली. तेवढ्यात गर्दीतून कोणी तरी ओरडले, शुभमंगल सावधान! चारशे मुठी उघडल्या.

खटकन आवाज.

पुष्पक बांधावर जाऊन बसले. पंख मोडला. मला फक्त खरचटले. दादा धावत आले, लागलं का रं, म्हणून दोनदा विचारले. नांगराचा विषय काढला नाही. तो मीच काढला. उंची: मी सहा फूट धरतो. कानिफनाथ म्हणतो, वीतभर.

६ एप्रिल.
इंजिन खोलले. तोच सील. जोंधळे किती निघाले ते मी विचारले नाही, कानिफनाथने सांगितले नाही. सकाळपासून पट्टीवर नांगर चालू आहे. दादांनी आधी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, मग बैल हाकले. सील पुन्हा करता येतील. बीड स्वस्त आहे.

मघाशी स्वयंपाकघरात कोणी नव्हते. खिळ्यावरची चाळणी काढली. सदऱ्याच्या खिशात राहिलेले जोंधळे तिच्यात टाकून बराच वेळ हलवत बसलो. एकही दाणा खाली पडला नाही.

सौ. दारात उभी होती. चाळणी हातातून घेतली, झटकली आणि खिळ्याला अडकवली.