नऊ बाय अकराची खोली सुकन्येला

मी म्हाळू नाथा गडदे, वय वर्षे त्र्याहत्तर, जनावरांच्या दवाखान्यातून परिचर म्हणून निवृत्त, राहणार मौजे सिरसाळा, तालुका परळी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे गेले आहेत, पण त्यांची साक्ष कुणी मागत नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही, दारू पाजलेली नाही. यापूर्वी असा कागद केलेला नाही, आणि यानंतरचा कोणी दाखवला तर तो माझ्या मनाचा नाही असे समजावे.

माझ्यामागे मुलगा जीवन, सून धनश्री आणि मुलगी सुकन्या एवढी माणसे आहेत. पत्नी कडूबाई सहा वर्षांपूर्वी वारली.

कलम १. रस्त्याकडचे पत्र्याचे घर, अंगण आणि बँकेत जे काही असेल ते जीवनला. शेत वडिलार्जित आहे, त्याचे कायद्याने होईल तसे व्हावे, त्यात मी हात घालत नाही.

कलम २. माझे वडील नाथा यांची घोंगडी धनश्रीला. जीवनला ती टोचते. लोकर कातरायची त्यांची कात्री ज्याला चालवता येईल त्याला द्यावी. असा माणूस आता गावात सापडायचा नाही, तर घोंगडीबरोबरच ठेवावी.

कलम ३. मेहुणे सुग्रीव यांना माझ्या तेराव्याचे जेवण पोटभर वाढावे, बुंदी दोनदा फिरवावी, पण टॉवेल-टोपीचा आहेर करू नये. कारण पुढे येते.

कलम ४. आता या कागदाच्या मूळ कारणाकडे येतो. घराच्या मागे, बोळाच्या बाजूला, नऊ फूट बाय अकरा फुटांची खोली आहे. ती मी माझ्या पगारातून, गवंड्याच्या हाताखाली स्वतः राबून बांधली. सबब ती कोणाला द्यायची हा अधिकार माझा एकट्याचा आहे.

आमचे वडील मेंढरांमागे फिरले. वर्षातले आठ महिने रान, आणि बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर. ते म्हणायचे, "ज्या वस्तूला दोन कामं न्हाईत ती घोड्यावर चढायची न्हाई." मी खोली त्याच नियमाने आखली. झोपायचा ओटा बांधला तो आतून पोकळ. त्यात ज्वारीची पोती. भिंतीला बिजागऱ्यांवर फळी, खाली सोडली की सुकन्येचं अभ्यासाचं टेबल, वर उचलली की जागा मोकळी. खिडकीपाशी कडूबाईचं शिलाई मशीन. त्यावर झाकण घातलं की पाहुण्यांचा चहा तिथेच. कोनाड्यात देव. आढ्याला दोन आकडे, पाळण्यासाठी, आणि पाळणा नसेल तेव्हा कांद्याच्या जुड्यांसाठी. खिडकी मुद्दाम खाली घेतली, आजारी माणसाला पडल्या पडल्या कडुलिंब दिसावा म्हणून. गावातली माणसं बघायला येत. शिवशंकर गुरुजी म्हणाले, "म्हाळबा, इंजिनियर व्हायचास तू." मी आठवडाभर ताठ चाललो.

पण त्या खोलीत अशी एक चूक राहिली, जी कुठल्याही इंजिनियरने केली नसती. दाराला कडी मी फक्त बाहेरून बसवली. मेंढरांच्या कोंडाला आतून कडी कुणी लावत नाही, आणि आम्ही उघड्या रानात निजणारी माणसं. आतून दार लावून एकटं बसणं हेही खोलीचं एक काम असतं, हे मी धरलंच नव्हतं.

सुकन्येला चकलांब्याकडच्या एका घरात दिली होती. चौथ्या वर्षी ती एका पिशवीनिशी परत आली. काय झालं ते तिने आईला सांगितलं, मला नाही. पण तिचा डावा हात महिनाभर वर उचलत नव्हता, आणि मी तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढलेली. मुका मार मला कळतो.

तिला तीच खोली दिली. पण खोली तर सगळ्यांची. कुणी ज्वारी काढायला येई, कुणी ब्लाउजचं माप द्यायला, कुणी देवाला दिवा लावायला. ती रडत असली तरी माणसं आत येत, "रडू नगं" म्हणत, आणि आपलं काम करून जात. ती मला म्हणाली, "आण्णा, आतल्या अंगाला एक कडी बसवून द्या की." मी म्हटलं, "कावून? आपल्याच घरात कुणाचं भ्या हाय तुला?" तिने आणखी दोनदा सांगून पाहिलं. काम पाच मिनिटांचं होतं. मी केलं नाही.

मग सुग्रीव सासरच्या चौघांना घेऊन आले, समेट करायला. सुकन्या म्हणाली, "मी न्हाई जाणार. मारून टाकतेल मला." आणि खोलीत गेली. ती बोळातून निघून जाईल, चारचौघांत आपलं नाक कापलं जाईल, म्हणून मी उठलो आणि बाहेरून कडी घातली. मला कुणी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक दारात आलं की मेंढरं आत घालून कडी लावायची, ही हाताची जुनी सवय. ओसरीवर दोन तास बोलणी चालली, दोनदा चहा झाला. तिने दार एकदाच वाजवलं. शेजारच्या छबुबाई आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "म्हाळबा, कडी काढ. लेक हाय ती, मेंढरू न्हाई." मी त्यांना आपल्या घरी जायला सांगितलं. बोलणी संपल्यावर मीच कडी काढली आणि तिला जीपमध्ये बसवलं.

सतराव्या दिवशी ती तिथून निघाली, ती इकडे आलीच नाही. बारा वर्षं झाली. कडूबाई शेवटचे दोन महिने त्याच ओट्यावर होती. मी लिंब दिसावा म्हणून घेतलेल्या खिडकीतून ती बोळ बघत राहायची. इतकी वर्षं मी सुग्रीवला दोष दिला. टॉवेल-टोपी अजूनही द्यायची नाही, पण कडी माझ्या हाताने घातली, हे मी येथे लिहून देतो.

कलम ५. सुकन्या अंबाजोगाईत एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, हे मला गेल्या दिवाळीत कळलं. बसने तासाभराची वाट. कडूबाईने जाण्यापूर्वी तिचा नंबर धनश्रीला दिला होता, मला नाही. धनश्री तेव्हापासून तिच्याशी बोलते. चांगलं केलंस, पोरी.

मी धनश्रीला विचारायला लावलं. तिने माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला. "ताई, आण्णा मागची खोली तुमच्या नावानं करायलेत. घ्याल का?" मग आवाज आला. बारा वर्षांनी ऐकला, पण लगेच ओळखला. "घेईन. पण आण्णा हायेत तवर मी त्या घरात पाय ठिवणार न्हाई." धनश्रीने घाईने फोन कानाला लावला. मला दुखणं गुडघ्यांचं आहे, कानांचं नाही.

वकील म्हणाले, "बक्षीसपत्र करा, लेकीला आजच मिळेल." तिला आज नको आहे. म्हणून मृत्युपत्र.

कलम ६. सदर खोली, तिच्या बोळाच्या वाटेसह, नळ आणि विजेच्या हक्कासह, सुकन्येची एकटीची राहील. जीवनने ती पाडून गोदाम करण्याचा विचार सोडावा. ज्वारीची पोती मी बाहेर काढली आहेत, देव पुढच्या घरात आणले आहेत. मशीन आईचं आहे, ते तिथेच राहील. बाहेरची कडी उखडून भोकं सिमेंटने बुजवली आहेत. परळीहून पितळी कडी आणून आतून बसवली आहे. बसवल्यावर आत बसून लावून पाहिली. तेवढ्यात धनश्री चहा घेऊन आली. दार बंद दिसल्यावर तिने टकटक केलं आणि थांबली. खोली बांधल्यापासूनच्या सत्तावीस वर्षांत त्या दाराशी कुणी थांबलं नव्हतं. मला लगेच उघडता आलं नाही, रडू आवरेना. एवढंच तर मागत होती पोरगी.

कलम ७. मी गेल्यावर धनश्रीने सुकन्येला कळवावे. तोंड बघायला ये, असा निरोप देऊ नये, प्रेत तिच्यासाठी ताटकळत ठेवू नये. ती येईल तेव्हा तिला एकटीला आत जाऊ द्यावे. मग तिने तिथे राहावे, भाडेकरू ठेवावा की कुलूप लावून निघून जावे, तिची मर्जी.

मी आता ओसरीवर झोपतो. हृदयाच्या गोळ्या वेळेवर घेतो, याबाबत कोणी शंका घेऊ नये. पण सकाळी जाग आली की आधी हेच मनात येतं, की अजून एक दिवस पोरीला थांबावं लागणार.

वरील मजकूर मी वाचला, तो खरा आहे, आणि साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

ठिकाण: सिरसाळा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) म्हाळू नाथा गडदे

साक्षीदार:

१. (सही) शिवशंकर, सेवानिवृत्त शिक्षक, सिरसाळा.

२. (डाव्या हाताचा अंगठा) छबुबाई, शेजारी, सिरसाळा. यांना मुद्दाम बोलावले. कागद पूर्ण वाचून दाखवला. "लई उशीर केलास, म्हाळबा," म्हणाल्या, आणि अंगठा दिला.