अल्बर्टाची तयारी

४ जानेवारी, मिल्टन कीन्स
ऋजुताला अल्बर्टातल्या एका लहान गावच्या हॉस्पिटलची ऑफर. उत्तर ३१ तारखेपर्यंत. तू येणार की नाही तेवढं सांग, म्हणाली. असले निर्णय अभ्यासाशिवाय घेऊ नयेत. लायब्ररीतून पश्चिम कॅनडाच्या इतिहासाची चार पुस्तकं आणली. जाड आहेत, पण गोष्टींसारखी वाचून होतात.

७ जानेवारी
युकॉनच्या सोन्यामागे निघालेल्यांना पोलीस सरहद्दीवर अडवत. वर्षभराची शिधासामग्री असेल तरच पुढे. मी सहज पार झालो असतो. ऋजुता म्हणाली, व्हिसाच्या फॉर्मसाठी तुझी सर्टिफिकेट्स लॉफ्टमधून काढ. लॉफ्टमध्ये फार थंडी. शनिवारी.

१० जानेवारी, शनिवार
यादी केली. तूरडाळ चाळीस किलो, पोहे पंधरा, मेतकूट तीन. अरे, तिथे दुकानं आहेत, म्हणाली. तिला इतिहासाची जाण नाही.

१६ जानेवारी, सकाळी ६.१०
थंडीचा सराव. हीटिंग बंद.
६.३५. वरदा ब्लँकेट गुंडाळून जिन्यात. बाबा, माझा पाय थंड झाली, म्हणाली. नऊ वर्षांची आहे. केवळ तिच्यासाठी हीटिंग चालू केलं.

२२ जानेवारी
प्रेअरीवर माणसं मातीच्या ढेकळांची घरं बांधून हिवाळा काढत. एका जागी बसवत नाही. तीनदा किचनपर्यंत जाऊन आलो. ऑफिसातल्या अजयला कॉलवर सांगितलं, मी चाललो. लेका, चार वर्षं चाललायसच, म्हणाला.
ऋजुताने परत सर्टिफिकेट्सचं काढलं. रेल्वेचं पुस्तक अर्धं राहिलंय, म्हटलं. उठून आत गेली. पटलं असावं. थोड्या वेळाने एक कागद पुढे केला. वाचून सही कर, म्हणाली. वाचतच होतो. पानात बोट ठेवून सही केली.

३१ जानेवारी
चौथं पुस्तक संपलं. जेवताना निर्णय जाहीर केला: जायचं.
ऋजुता भात वाढत होती. मी मागच्या आठवड्यातच हो कळवलं, म्हणाली. माझं आणि वरदाचं. तुझे कागद नव्हते.
वरदाला मला न विचारता कसं नेणार, म्हटलं.
विचारलं होतं, म्हणाली. तू सही केलीस.
तिने आवाज चढवला नाही. वरण हवंय का, विचारलं.
वरदाने विचारलं, तिकडे अस्वल असते? ग्रिझली आणि काळी यांतला फरक मी तपशीलवार समजावला. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, तू व्हिजिटला येणार ना?
हो म्हटलं. विचार न करता.